कुमुदचं ताट

सुकापूर,
ता. ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबा, आधी गुन्हा सांगतो, मग खुशाली. मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललो. त्या खोट्याचा रियाताईनं फोटो काढला. आणि आता त्या फोटोपुढं उभं राहून लोक डोळे पुसतायत.

फोनवरच सांगितलं असतं, पण तुमाला ऐकू येत नाय, आणि व्हिडिओ कॉल लावला की तुमी फोन कानाला लावता. मागच्या वेळी वीस मिनिटं मी तुमच्या कानातले केस बघत बसलो होतो. म्हणून वही फाडली. दहावी दोनदा दिलेल्या माणसाच्या शुद्धलेखनाला हसू नका.

तुमाला माहीतच हाय, मी इथं घरोघर नेट जोडत फिरतो. त्यामुळं कुठल्या दाराबाहेर किती चपला असतात ते मला पाठ हाय. ताई नवीन पनवेलला खोली घेऊन राहते, लग्नांचे फोटो काढून पोट भरते आणि उरलेल्या दिवसांत एकट्या माणसांचे फोटो काढते. मग एकच चपलांचा जोड असलेली दारं तिला मी दाखवतो. माणसं नकार देत नाय. उलट कुणीतरी आलं म्हणून खुर्ची पुसतात.

पहिल्यांदा मी तिला लय चिडवलं. एक आयटीवाला पोरगा हाय, त्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या सहा दोऱ्या आणि त्यावर एकच शर्ट. तिनं त्या शर्टाचा फोटो काढायला दीड तास घालवला. मी बोललो, ताई, इस्त्रीवाला पण एवढा वेळ घेत नाय. मग तो फोटो मोठा छापून आला आणि आपलं तोंड बंद झालं. त्या घरात मी चार वेळा गेलेलो, आजोबा, मला तो शर्ट एकदा पण दिसला नव्हता. दुसरा एक हाय, त्यात रात्रपाळीची नर्स दुपारी खिडकीला पेपर चिकटवून झोपलीय. नर्सचं तोंड दिसत नाय. फक्त पेपराच्या फटीतनं आलेली उन्हाची रेघ, तिच्या पायाच्या अंगठ्यावर. तो बघितल्यापासून दुपारी कुणाची बेल वाजवायला माझा हात धजत नाय.

तिचा एक नियम हाय, घरातली वस्तू हलवायची नाय. एकदा मी एकांचं वाकडं कॅलेंडर सरळ केलं, तर तिनं मला ते परत वाकडं करायला लावलं. जसं हाय तसं, बोलते.

आता माझी करामत. आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर बाळूकाका राहतात. कंपनीत मशीनचे नकाशे काढायचे, आता रिटायर. मूलबाळ नाय. बायको कुमुदकाकू दोन वर्षांमागं गेली. नोव्हेंबरात आमी त्यांच्याकडं गेलो. ताई कॅमेरा काढत होती आणि काका किचनमधे शेपू निवडत होते. ताई शेपूचं नाव काढलं तरी नाक धरते ते तुमाला माहीत हाय. मला कुठं गप्प बसवतंय? मी हळूच काकांना सांगितलं की ताईचा शेपूवर जीव हाय, ती जेवूनच जाणार हाय, फक्त बोलायला लाजते. काका एकदम खूश. मला बघायचं होतं, परक्याच्या घरी, चेहरा हसरा ठेवून, ती शेपू कशी गिळते.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, बी विंगचं नेट गेलेलं, लोक बोंबलत होते. मी पळालो. ताईला पाहिजे तसा उजेड मिळाला, तिनं फोटो काढले, नमस्कार केला आणि निघाली. काका बिचारे काही बोललेच नाय. मला वाटलं आपला डाव फुकट गेला. मी विसरून पण गेलो.

पण फोटोत काय आलं? टेबल, भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो, काका बसलेले, आणि दोन ताटं वाढलेली. ताईला वाटलं दुसरं ताट काकूंच्या नावानं. जखमेला कशाला हात लावा म्हणून तिनं विचारलं नाय. फोटोला नाव दिलं ‘कुमुदचं ताट’.

ते नाव मला थेट परवा कळलं, इथं पनवेलच्या हॉलमधे तिचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं तेव्हा. सगळी गर्दी त्याच फोटोपुढं. एका माणसानं तिथूनच आईला फोन लावला. मी वडा खात होतो, तो परत कागदात गुंडाळला. मुंबईच्या एका गॅलरीच्या बाई आलेल्या, त्यांनी पहिला तोच निवडला. पंधरा फेब्रुवारीपासून मुंबईत. त्याआधी ताईला सही करून द्यायची हाय की या फोटोंत काहीच मुद्दाम मांडलेलं नाय.

सांगितलं तर तिचा सगळ्यात भारी फोटो जातो. नाय सांगितलं तर माझ्यामुळं ती खोट्यावर सही करते. तुमीच सांगा. आजीला नमस्कार, पण हे वाचून दाखवू नका. माया असू द्या, आणि शिव्या द्यायच्या तर मोठ्या अक्षरात द्या.

तुमचा,
निकेश


करंजा,
ता. १५ जानेवारी २०२५

चि. निकेश यास अनेक आशीर्वाद.

तुजा कागद पोचला. भिंग लावून दोनदा वाचला. तुजं अक्षर म्हंजे वालूवर कुर्ल्या चालून गेल्यावानी हाय. तुज्या आजीनं पाकीट बगितलं न् विचारलं पोरगं काय म्हंतंय. मी सांगितलं सुकट मागतंय. म्हनून सोबत जवला पाटवलाय. आता तो खा न् गप ऱ्हा.

इकडं मावरं कमीच हाय, जाल्यात मासली येत नाय. आजीचा गुडगा दुकतो, तोंड दुकत नाय.

निकेश, तू लहानपनी धक्क्यावर वाटे घालताना बगितलेस का नाय? मावऱ्याचे सारके वाटे घालतात, तरी कोनाच्या तरी डोल्यात एक मोटा दिसतोच. म्हनून एकाला पाट करून उबा करतात. दुसरा वाट्यावर हात ठेवतो न् विचारतो, हा कोनाचा. पाटमोरा नाव घेतो. एकदा नाव घेतलं की तो वाटा त्याचा. मग तो मानूस तितं असो, नायतर घरी तापानं पडलेला असो. बदलायचा नाय. मी पन्नास वर्सांत कंदी बदलू दिला नाय.

त्या बालूनं ते ताट आपल्या रियाच्या नावानं वाडलं. पोरीनं त्याच्यावर मेलेल्या बाईचं नाव घातलं. तिची चूक नाय, तिला म्हाईत नवतं. पन वाटा बदलला ना. आनि तू एवडी चार पानं लिवलीस, सगली फोटोची न् सईची. ज्यानं ताट वाडलं तो मानूस किती येल बसला होता, ते एका ओलीत पन नाय. ते तू विचारलंच नायस.

आदी त्याच्याकडं जा. मग पोरीला सांग. सई करायच्या आदी.

आनि हे बग, आमी आट-आट दिस समुद्रात असायचो, पन बोटीवर सात जन. तुमच्या बिल्डिंगीत दोनशे घरं न् मानूस एकटा. ते डोल्याला दिसत नाय, म्हनून कोन बोलत नाय. माज्या नातीनं ते फोटोत कसं पकडलं ते मला बगायचं हाय. एक पाटव. पोरीचं मला लय कवतिक हाय, तिला सांगू नको, फुगंल.

देवाची किरपा, बाकी ठीक. आटवन ठेव, ती पन कामापुरती नको.

तुजा आजा,
काशिराम


सुकापूर,
ता. २२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

जवळा पोचला, संपला पण. रूमवरच्या पोरांनी वासावरूनच पार्सल ओळखलं.

बाळूकाकांकडं जाऊन आलो. राउटर तपासायचाय असं कारण काढून गेलो. राउटर ठणठणीत. मी उगाच वायर काढली, लावली. काकांनी चहा ठेवला. मग मी खाली मान घालून सगळं ओकलो, शेपूपासून.

ते रागावले नाय. रागावले असते तर बरं झालं असतं.

तुमी विचारलेलं ते पण विचारलं. ते साडेनऊपर्यंत बसले होते, आजोबा. ताई गेली सहाला. तिच्या लेन्सचं झाकण टेबलावर राहिलं होतं, म्हणून त्यांना वाटलं खाली काहीतरी आणायला गेली असेल, परत येईल. मग दोन्ही ताटं झाकून ठेवली आणि सकाळी दोन्ही त्यांनीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते झाकण आणायला मीच गेलो होतो. दारातच उभा राहून, जोक मारून आलो.

पण पुढचं ऐका. ते प्रदर्शन बघायला दुसऱ्या दिवशी एकटेच गेले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आपल्याच फोटोपुढं गर्दीत मागं उभे राहिले. नाव वाचलं. बोलले की एक्केचाळीस वर्षं संसार झाला, पण कुमुद त्यांच्याबरोबर कधी जेवायला बसली नाय. आधी त्यांना वाढायची, गरम पोळी आणून द्यायची, आणि मग मागून ओट्यापाशी उभ्यानं जेवायची. त्यांनी पण कधी बस असं सांगितलं नाय. सुचलंच नाय, बोलले. त्या टेबलावर दोन ताटं एकत्र त्या दिवशी पहिल्यांदा लागली, ती पण ताईसाठी. आणि खाली नाव वाचलं तर कुमुदचं. त्यांना वाटलं, चला, कुणीतरी तिला बसवलं.

मी उठून चहाचे कप धुतले. मी, आजोबा! ज्याला मयतीत पण कोपरखळी सुचते.

मग त्यांनी माझा हात धरून सांगितलं की रियाला बोलू नको. पोरीचं नाव होतंय, होऊ दे. आता तुमी बोलता सांग, ते बोलतात नको सांगू. दोन म्हातारे दोन बाजूला आणि मधे मी, माझीच वायर तुटलेली.

दोन दिवस विचार केला. काकांनी माफ केलं ते काकांपुरतं. सही तर ताईची जाणार हाय ना. तिनं कॅलेंडर वाकडं करायला लावलं होतं मला, एवढ्याशा खऱ्यासाठी. रविवारी तिच्याकडं जातो.

फोटो सोबत पाठवतोय, छोटा हाय, पण भिंग लावून बघा. आजीला बोला निकेशनं स्वतःहून नमस्कार सांगितलाय. तुमच्या मनातून उतरवू नका मला, निदान रविवारपर्यंत.

तुमचा,
निकेश


नवीन पनवेल,
ता. २८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजोबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही आणि निकेश पत्रं लिहिता हे मला आत्ता कळलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही, म्हणून हे मी आपणहून लिहिते आहे.

शनिवारी मुंबईसाठीचा मोठा प्रिंट बघायला गेले. तीन फुटांचा. तो फोटो मी संगणकावर शंभर वेळा पाहिला असेल, पण एवढा मोठा पहिल्यांदाच. छापणारा मुलगा रंग ठीक आहेत का विचारत होता आणि माझं लक्ष दुसऱ्या ताटाकडे गेलं. त्यात भाजी काकांच्या ताटापेक्षा दुप्पट होती. लिंबाची मोठी फोडही त्याच ताटात. गेलेल्या माणसाला कुणी पोटभर वाढत नाही, आजोबा, नावापुरतं वाढतात. मग खुर्ची दिसली. ती टेबलाकडे नव्हती. कुणी चटकन येऊन बसावं म्हणून बाहेर ओढून वळवलेली होती, आणि वळवलेली होती माझ्याकडे. जिथे मी कॅमेरा लावून उभी होते त्या बाजूला.

मी तिथेच स्टुलावर बसले. त्या मुलाने पाणी दिलं.

रविवारी निकेश आला तर दारातच उभा. एकही विनोद नाही. मला वाटलं घरी कुणाचं बरंवाईट झालं. मग त्याने सगळं सांगितलं, काका साडेनऊपर्यंत बसले होते तेही. त्याला मी दोन लगावल्या, त्याने तिसरीसाठी गाल पुढे केला. तेव्हा मात्र हसू आलं, आणि मग रडूही.

त्याच्यावर राग फार वेळ टिकला नाही. त्याने खोटं सांगितलं, पण खोलीतून उठून गेले ती मीच. सगळे म्हणतात, ही पोरगी माणसांचं एकटेपण बघते. मला त्या दिवशी फक्त उजेड जाईल याची घाई होती. मी घरातला पेलासुद्धा हलवत नाही याचा मला केवढा गर्व! आणि माझ्या येण्याने त्या माणसाने अख्खं टेबल मांडलं, ते मला दिसलं नाही. विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं.

आता तो फोटो मागे घ्यावा असं वाटतंय. सहा तारखेला बाईंना कळवायचं आहे. पण एक मनातलं सांगू? तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि खरं कळल्यापासून तर जास्तच वाटतो. म्हणूनच माझ्या मनावर माझा विश्वास नाही. तुम्ही काय म्हणाल ते करीन.

निकेशला फार रागावू नका. तो नसता तर यातलं एकही दार मला उघडलं नसतं. आजीच्या गुडघ्याला तेल चोळून द्या, सांगू नका नुसतं. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
रिया


सुकापूर,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड ताईला मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यात एक ओळ, आदी जेवून ये, मग ठरव. ती म्हणे दहा मिनिटं उलटसुलट करून बघत होती, मागं काही लिहिलंय का.

मग दोन तारखेला, रविवारी, गेलो. ताईनं कॅमेरा आणला नाय. खांदा मोकळा असल्यानं ती सारखी पदराशी नायतर पर्सशी खेळत होती. काकांनी विचारलं काय करू, तर तिनं स्वतःच सांगितलं, शेपू. मुगाची डाळ घातलेली, बरोबर ज्वारीची भाकरी. तीन ताटं लागली. नोव्हेंबरात मी ज्या क्षणासाठी डाव टाकला होता तो आला, आणि मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाय. माझ्याच ताटात बघत होतो. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं एवढं कानांनी कळलं.

जेवण झाल्यावर तिनं काकांची माफी मागितली आणि फोटो मागं घेते असं बोलली. काकांनी आधी ताटं उचलली. मग बोलले की फोटो तिचा असला तरी टेबल त्यांचं हाय, आणि टेबलाला मुंबई बघायचीय. पण जे झालं तेच लिहायचं, त्यात काही झाकायचं नाय. नकाशात एक रेघ खोटी मारली तर मशीन फिरत नाय, बोलले.

ताईनं गॅलरीच्या बाईंना सगळं खरं लिहून कळवलं. फुकटात नाय सुटलं, आजोबा. बाईंनी तो फोटो मोठ्या भिंतीवरून काढला, छापलेल्या निमंत्रणावरून पण काढला. आता तो बाजूच्या छोट्या खोलीत एकटाच लागणार हाय. खाली ताईच्या दोन ओळी असणार, की हे ताट माझ्यासाठी वाढलं होतं, आणि मी न जेवता निघून गेले. नाव दिलंय ‘माझं ताट’. मला वाटलं ती रडेल. पण ती मोठ्या प्रिंटपुढं उभी राहून बोलली की आता बरोबर बसलं. मी पण बघितलं. आधी त्या फोटोत एक म्हातारा दिसायचा. आता तो कुणाकडं बघतोय ते दिसतं. आजोबा, आपल्या घरात अशी बाई जन्मली कशी ते मला कळत नाय. तुमच्यावर तर नक्कीच नाय गेली.

आता शेवटचं. हे वाचताना आजीला बाहेर पाठवा.

ताईनं काकांना एक छोटा प्रिंट फ्रेम करून दिला, खाली पेन्सिलीनं ‘माझं ताट’ लिहून. परवा मी खिळा ठोकायला गेलो. ताई नव्हती. फ्रेम लागली, सरळ झाली. काका बघत उभे, खूश पण दिसत होते. मग त्यांनी मला चाचरत विचारलं, की एका फोटोला दोन नावं चालतात का. ताईला विचारायची त्यांची हिंमत नव्हती. तिनं एवढं खरं केलं, त्यात आपण कुठं मोडता घालायचा, असं त्यांना वाटत होतं.

मी फ्रेम उतरवली. राउटरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘कुमुदचं ताट’ लिहिलं आणि फ्रेमच्या मागच्या बाजूला टेप मारून चिकटवलं. टेप काकांनीच धरली होती. मग फ्रेम परत लावली. पुढून बघितलं तर काहीच कळत नाय. काकांनी भिंतीकडं तोंड करून एकदा बोटानं ती फ्रेम दाबली, आणि मला बोलले, बस, भाकरी टाकतो. ओट्यापाशी जाऊन दोन भाकऱ्या टाकल्या, आणि मला हात लावू न देता आधी मलाच वाढलं.

तुमी बोलाल, नाव एकदा घेतलं की बदलायचं नाय. मी बदललं नाय, आजोबा. ज्याचं ताट त्याच्याच नावावर हाय, सगळ्या मुंबईपुढं. हे दुसरं फक्त भिंतीला दिसतं. पण ताईला कळलं तर ती मला जित्ता सोडणार नाय. आणि काकांना लाज वाटेल ते वेगळंच. म्हणून पाया पडतो, हे कुणाला सांगू नका. ताईला नाय, आजीला तर बिलकूल नाय, ती संध्याकाळपर्यंत सगळ्या धक्क्याला सांगेल. हा कागद वाचला की चुलीत घाला. आजपर्यंत तुमच्याकडं पैसे मागितले, मोबाईल मागितला, आज फक्त एवढंच मागतो. कुणाला बोलू नका, आजोबा. एवढं एक पोटात ठेवा.

तुमचा,
निकेश